मुलांमधला सीलिॲक आजार : निदान इथवर कसं आलं

सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होण्याचा आजार. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले डॉक्टर सॅम्युअल गी यांनी 1887 मध्ये एका व्याख्यानात हा आजार झालेल्या मुलांचं वर्णन केलं. वय साधारण एक ते पाच, हातपाय काटकुळे, पोट फुगलेलं, शौच पातळ, फिकट आणि दुर्गंधीयुक्त. हा आजार बरा व्हायचाच असेल तर आहारानेच होईल, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. पण आहारातलं नेमकं काय बाधतं, हे त्यांच्या हाती लागलं नाही. शिंपल्यांच्या हंगामात रोज शिंपले खाऊन एक मूल छान सुधारलं आणि हंगाम संपताच पुन्हा ढासळलं, अशी नोंद त्यांनी केली आहे.

अमेरिकेत सिडनी हास यांनी 1924 मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुलं खरोखर सुधारली, म्हणून श्रेय केळ्यांना मिळालं. त्या आहारात पाव नव्हता, हे महत्त्वाचं होतं. मूल बरं झालं असं समजून पुन्हा गहू सुरू झाला की आतड्याची हानीही पुन्हा सुरू होई.

गव्हावर बोट ठेवलं ते हेगमधल्या जुलियाना बालरुग्णालयाच्या विलेम डिके यांनी. त्यांना 1930 च्या दशकापासूनच संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवाने तो संशय बळावला. पण डिके यांचं मोठेपण मला त्यानंतरच्या कामात दिसतं. आहारातून गहू काढायचा, पुन्हा द्यायचा आणि दर वेळी शौचातून किती चरबी वाया जाते हे मोजायचं, असं चिकाटीचं काम त्यांनी सहकाऱ्यांसह केलं. 1950 मध्ये त्यांचा प्रबंध आला. लवकरच बर्मिंगहॅमच्या गटाने गव्हातलं ग्लूटेन हे कारण दाखवून दिलं.

मग आतड्याचा तुकडा तपासायची सोय झाली. 1957 मध्ये क्रॉसबी कॅप्सूल आली. बारीक नळीच्या टोकाची ही धातूची कुपी मूल गिळायचं, ती लहान आतड्यात पोहोचल्याची क्ष-किरणांवर खात्री करायची आणि नळीतून हवा ओढली की आतलं पातं अस्तराचा कण कापून घ्यायचं. निरोगी अस्तरावर बोटांसारखे उंचवटे असतात, या मुलांचं अस्तर सपाट झालेलं दिसायचं. 1969 मध्ये इंटरलाकेनला ठरलेल्या युरोपीय निकषांनुसार हे तीनदा करावं लागे : सुरुवातीला, ग्लूटेन बंद केल्यावर आणि बऱ्या झालेल्या मुलाला ग्लूटेन मुद्दाम पुन्हा देऊन. हा तिसरा टप्पा आई-बापांना किती जड गेला असेल! 1990 मध्ये बहुतेक मुलांसाठी एकच बायोप्सी, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून केलेली एकच तपासणी, पुरेशी मानली गेली.

1997 मध्ये या आजारात शरीर तयार करतं त्या प्रतिपिंडांचं (अँटीबॉडींचं) लक्ष्य असलेलं ऊतींमधलं एन्झाइम, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, ओळखलं गेलं. त्यावर बेतलेली टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी सर्वत्र रुळली; टीटीजी म्हणजे हेच एन्झाइम आणि आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. 2012 च्या (काही जादा अटींसह) आणि नंतर 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी, या चाचणीतली प्रतिपिंडांची पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात या आजारातली एंडोमायसियल नावाची प्रतिपिंडंही सापडली, तर पालकांशी बोलून बायोप्सी टाळायची मुभा दिली. पातळी वाढलेली पण त्याहून कमी असेल तर बायोप्सी लागतेच. शरीरात आयजीए मुळातच कमी असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून एकूण आयजीएही मोजतात.

आणि चाचणीआधी मुलाचा गहू बंद करू नये. तो बंद झाला की प्रतिपिंडं उतरत जातात, अस्तर भरून येऊ लागतं आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो.