राणीछाप आणि रांगोळी

परवा जुन्या बाजारात एक काका नाणेवाल्याशी हुज्जत घालत होते. हातात लखलखीत राणीछाप रुपया, साल १८६२. "दीडशे वर्षांहून जुना आहे हो, आणि तुम्ही चांदीच्या भावाने मागताय?" नाणेवाल्याने एवढंच विचारलं, "दर लक्ष्मीपूजनाला रांगोळीने घासता ना?"

वयाचा मुद्दा आधी मिटवू. टांकसाळींनी १८६२ हेच साल पुढे दहाएक वर्षं ठशावर तसंच ठेवलं, त्यामुळे हे रुपये अमाप आहेत. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया त्यापुढे पोरच, पण चलनात फार थोडा आला आणि १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर उतरली. म्हणून भाव त्याला. (१९३८ मधल्या ८ चा ९ करणारे महाभागही आहेत!)

आता रांगोळी. टांकसाळीत नाणं पाडताना ठसा जोरात आदळतो तेव्हा चांदी क्षणभर लोण्यासारखी मधून कडेकडे सरकते. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म सऱ्या पृष्ठभागावर उरतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. कोरं नाणं दिव्याखाली हळूच तिरपं करा, प्रकाशाचे पट्टे गोल फिरताना दिसतात. जाणकार पैसे मोजतो ते या फिरत्या झळाळीला. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. तो या सऱ्या खरवडून स्वतःचे ओरखडे ठेवतो. नाणं चमकतं, पण पट्टे फिरत नाहीत.

मग काळं पडलेलं नाणं चिंचेत बुडवावं का? तेही नको. तो काळेपणा म्हणजे बाहेरून बसलेला मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी संयोग झालेली नाण्याचीच चांदी असते ती. काळा थर काढला की त्याच्यासोबत सऱ्यांचा माथाही जातो. उलट हा थर अगदी पातळ असेपर्यंत, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे सोनेरी-निळे रंग त्यावर दिसतात, आणि शौकीन त्यासाठी जादा मोजतात.

राहिलं ते वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. 'घरात असेल तर लखपती' हा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर श्रावणात उगवतो. देवीचं चित्र असल्याने नाणं दुर्मीळ होत नाही. जुन्या नाण्यांच्या नावाखाली आगाऊ 'शुल्क' उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलं आहे.

काकांनी रुपया खिशात टाकला. नाणेवाला म्हणाला, "पूजेला हाच घासत जा. दुसरा असेल, तर त्याला हात लावू नका."