तीन छिद्रांचं चामडं

चामडी बुटाच्या आतलं अस्तर उजेडात धरा. त्यावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं असतील आणि ती तीन-तीनच्या घोळक्यांत असतील, तर ते बहुधा पिगस्किन, म्हणजे डुकराचं कमावलेलं कातडं. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, प्लॅस्टिकच्या अस्तरावरही हीच नक्षी छापतात. छापलेली नक्षी ठरावीक अंतराने तशीच्या तशी पुन्हा येते. खऱ्या कातड्यावर घोळके वेडेवाकडे विखुरलेले असतात. डुक्कर वर्ज्य असलेल्या गिऱ्हाइकाला हा फरक कळलेला बरा.

डुकराचे राठ केस बहुतेक ठिकाणी तिघांच्या गटाने उगवतात. गाईच्या केसांची मुळं कातडीच्या वरच्या थरातच थांबतात, डुकराची मात्र थेट खालच्या चरबीपर्यंत जातात. त्यामुळे केस काढल्यावर छिद्रं आरपार राहतात. कातडं घासून त्याचं मऊ लवदार स्वेड केलं, तरी ती बुजत नाहीत. त्यांतून हवा खेळते, घामाची वाफ बाहेर पडते. शिवाय हे कातडं पातळ असूनही घासाला टिकतं. म्हणून अस्तरं, हातमोजे आणि घोड्याच्या खोगिराची बैठक यांसाठी त्याला पसंती. अमेरिकेत 1958 साली बाजारात आलेले ‘हश पपीज’ बूट याच स्वेडचे होते.

कातडी कमावणाऱ्यांना मात्र त्यातली चरबी नको जीव करते. ती आधी नीट काढली नाही, तर कमावण्याची रसायनं सारखी मुरत नाहीत आणि रंगाला डाग पडतात. त्यातच अनेक ठिकाणी डुक्कर सोलतच नाहीत. गरम पाणी ओतून केस खरवडतात आणि कातडीसकट मांस शिजवतात. गोव्यातल्या सोरपोतेलच्या भांड्यात गेलेली कातडी चांभाराकडे कुठून येणार?

सगळ्यात गंमत अमेरिकन फुटबॉलची. त्या चेंडूचं टोपणनावच ‘पिगस्किन’, पण त्याचं कातडं गाईचं. जुन्या काळी चेंडूच्या आत डुकराचं फुगवलेलं मूत्राशय असायचं, त्यावरून हे नाव पडलं असं सहसा सांगतात. एकोणिसाव्या शतकात रबराचे फुगे आले आणि मूत्राशयाची गरज संपली. आजच्या चेंडूवर हाताला लागणारे दाणेही केसांच्या छिद्रांचे नव्हेत. पकड यावी म्हणून ते गाईच्या कातड्यावर साच्याने दाबून उठवलेले असतात.