गरवायला येताय? खाडी, खडप की समुद्र : देवबाग-मालवण परिसरातल्या पाहुण्यांसाठी

बुकिंगच्या वेळी बहुतेक पाहुणे पहिल्यांदा विचारतात, "समुद्रात किती आत नेणार?" पहिल्यांदाच गरी (मासे धरायचा गळ) हातात घेणाऱ्यांना आमचं एकच सांगणं असतं : आधी कर्लीच्या खाडीत चला. तिथे होडी फारशी हलत नाही, मुलंबाळं, आजी-आजोबा सगळे येऊ शकतात, आणि पाण्याची वेळ साधली तर मासाही लागतो.

खाडी

कर्ली नदी देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. संगमापासून आत दोन्ही काठांना कांदळवन आहे. भरतीबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासळी त्या मुळांमध्ये शिरते, ओहोटी लागली की चिंचोळ्या वाटांनी बाहेर पडते, आणि त्या वाटांच्या तोंडाशीच तांबोशी आणि चोणक (रायगडकडचा जिताडा) टपून असतात. म्हणून भरतीचा उत्तरार्ध आणि ओहोटीचे पहिले दोन तास आम्ही सोडत नाही. तांबोशी लागली की ती थेट मुळांकडे धाव घेते. तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) सैल सोडलात तर मासाही गेला आणि गरीही गेली. पालू आणि काळुंदर त्या मानाने सोपे, नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी. शेवटे मात्र पाण्याबाहेर कितीही उड्या मारताना दिसले तरी त्यांच्या मागे लागू नका, ते गरीला फारसे लागत नाहीत.

भरतीची वेळ घरच्या कॅलेंडरवरूनही काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला पूर्ण भरती साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतंच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला संगमावर ओढ फार असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी संथ असतं. लहान मुलं बरोबर असतील तर तेच दिवस मागा.

वाळू आणि खडप

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पहाटे हलकं शिसं आणि बारीक गरी लावून मुडदुशी मिळतात. होडी लागत नाही. किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर दोराच्या आसपास गरी टाकू नका. अनेक घरांचा वाटा त्या जाळ्यात असतो. मदतीला दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत.

निवतीच्या बाजूला खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरून, गोब्रा, पालू, कोकर लागतात. इथे आम्ही कडक आहोत. शेवाळावर पाय घसरतो आणि कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात, म्हणून चपला घालून आलेल्यांना खडपावर नेत नाही. उधाणाच्या दिवशी तर कोणालाच नेत नाही.

समुद्र

पावसाळा सरून पाणी निवळलं की सुरमईसाठी बाहेर पडतो. होडी हळू चालवत मागे आमिष ओढायचं. सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून गरीच्या वर तारेचा तुकडा हवाच, तो आम्ही देतो. बांगड्यांचा थवा सापडला तर एका दोऱ्याला चार-पाच बारीक गऱ्या पुरतात. पहाटे लवकर निघायचं, कारण सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, तर दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढून लाटा उठतात. होडी लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या, रिकाम्या पोटी येऊ नका.

आंग्रिया बँकेबद्दल, म्हणजे समुद्रात बुडालेल्या प्रवाळाच्या पठाराबद्दल, बरेच जण विचारतात. ती विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आहे, आमच्या होड्यांचं ते काम नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही आम्ही गरी टाकत नाही. तो भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो.

काय ठेवायचं, काय सोडायचं

वीतभरापेक्षा लहान तांबोशी, गोब्रा आणि चोणक आम्ही परत सोडतो. फार मोठा चोणकही सोडायला सांगतो. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठे चोणक हेच पुढच्या पिढीचं बियाणं. फोटो काढा, पण ओल्या हाताने धरा आणि लगेच पाण्यात ठेवा. कासव किंवा समुद्रघोडा अडकला तर स्वतः ओढू नका, तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) सांगा. या दोघांनाही कायद्याने संरक्षण आहे.

शिंगाळा माशाचे काटे आणि पाकट माशाची शेपटी याला हात लावू नका. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. फुगणारा केंड मासा विषारी असतो, तो खायचा नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्यानंतरही आम्ही नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाही, तोवरची बुकिंगं घेत नाही.

भाडं होडीवर ठरतं, माणसावर नाही. गरी, तंगूस, आमिष आणि लाइफ जॅकेट आमचं. जॅकेट खाडीतही काढायचं नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. टोपी, प्यायचं पाणी आणि लांब बाह्यांचा सदरा तुमचा. हवा बिघडली तर फेरी रद्द करायचा निर्णय तांडेलाचा राहील. अशा वेळी पैसे पूर्ण परत मिळतील किंवा दुसरी तारीख घेता येईल.