बापावर फिर्याद आणि 'होसिऑन'चा अर्थ

इ.स.पू. ३९९. अथेन्सच्या बाजारचौकात, धार्मिक खटले दाखल करून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर दोघांची गाठ पडते. सत्तरीच्या सॉक्रेटिसवर अधर्माचा आरोप आहे. युथिफ्रो स्वतः फिर्यादी, आणि फिर्याद सख्ख्या बापावर! नाक्सोस बेटावरच्या त्यांच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारलं. वडिलांनी त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं, पुढे काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस धाडला. निरोप येईपर्यंत मजूर थंडीने, उपासाने मेला. प्लेटोच्या 'युथिफ्रो' संवादाची ही सुरुवात.

ग्रीकांकडे धर्मग्रंथ नव्हता. विधी रीतीप्रमाणे पार पाडणं म्हणजेच देवांशी नीट वागणं. देव काय मानतात हे सांगायचे ते होमर-हेसिअडसारखे कवी, आणि त्यांचे देव तर भांडखोर, व्यभिचारी. तत्त्वज्ञ-कवी झेनोफेनिसने इ.स.पू. सहाव्या शतकातच त्यावर टीका केली होती. देवाधर्माच्या बाबतीत शहर मात्र हळवं झालं होतं. इ.स.पू. ४१५ मध्ये हर्मिस देवाच्या मूर्तींची एका रात्रीत मोडतोड झाली, तेव्हा कित्येकांना देहदंड झाला. पुढे स्पार्टाकडून पराभव, 'तीस जुलमी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सत्ताधाऱ्यांची राजवट. अशा वातावरणात अधर्म कशाला म्हणायचं हे ठरवणार चिठ्ठीने निवडलेले नागरिक.

म्हणून सॉक्रेटिसचा प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. ग्रीकांचं 'होसिऑन', म्हणजे देवांच्या दृष्टीने पवित्र असणं, ते नेमकं काय? (मराठीत पुण्य म्हणावं तर फळाचा हिशेब येतो, भक्ती म्हणावं तर प्रेम, दोन्ही थोडे चुकतातच.) युथिफ्रो म्हणतो, मी आत्ता करतोय ते. पण हे झालं उदाहरण. मग, देवांना आवडतं ते. पण देवांचंच आपसात पटत नाही! बरं, सगळ्या देवांना आवडतं ते. इथे सॉक्रेटिस खरा पेच टाकतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? दुसरी बाजू धरली, तर पावित्र्याचं कारण देवांच्या आवडीबाहेर शोधावं लागतं. शेवटी गाडी यज्ञ आणि प्रार्थनेवर येते, तेव्हा सॉक्रेटिस त्याला सरळ व्यापार म्हणतो. आपल्याकडचा नवस आठवावा. युथिफ्रोला मग अचानक घाई होते.

'प्रोटॅगोरस' या संवादात प्लेटो होसिऑनचा हा गुण पाच सद्गुणांत धरतो. 'रिपब्लिक'मध्ये चारच उरतात, हा त्यांत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातल्या सद्गुणांच्या यादीतही त्याला जागा नाही.