दहाचा सेट की बाराचा? गिटारच्या आवाजामागचा तारांचा इतिहास

मराठवाड्यात पहिली गिटार घेणाऱ्या पोराच्या हाती बहुतेक वेळा १० किंवा ११ चा सेट चढवलेली गिटार पडते. बोटं कमी दुखतात, पोरगं क्लास लवकर सोडत नाही, दुकानदाराचंही समाधान होतं. मग युवक महोत्सवाच्या तालमी सुरू होतात, शेजारी ढोलकी आणि हार्मोनियम येते, आणि गिटारचे कॉर्ड पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जात नाहीत. संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, यावर मिळणारा सल्ला एकच: "बाराचा सेट टाक." सल्ला चुकीचा नाही. पण तार आणि लाकूड यांच्यात शंभराहून जास्त वर्षं चाललेली ओढाताण त्यामागे आहे. ती माहीत नसेल तर नवा सेट टाकूनही पदरी फारसं काही पडत नाही.

१० किंवा १२ हा आकडा म्हणजे सेटमधल्या सर्वांत बारीक तारेचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. १० ची तार साधारण ०.२५ मिलिमीटर भरते, १२ ची ०.३०. हा फरक बोटाला धड कळतही नाही. पण लांबी तीच आणि स्वर तोच ठेवला, तर साध्या तारेवरचा ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १० वरून १२ वर गेलं की त्या एका तारेचा ताण ४४ टक्क्यांनी चढतो. सहाही तारांचा मिळून ताण १० च्या सेटला ६० किलोच्या आसपास, १२ च्या सेटला साधारण ७५ आणि १३ च्या सेटला ८५ किलोच्या घरात जातो. एवढा भार एका पातळ लाकडी पाटीवर दिवसरात्र असतो.

तार स्वतः जवळजवळ मुकीच. इतक्या बारीक वस्तूला हवा ढकलताच येत नाही, तिला कुणाला तरी थरथरवावं लागतं. तुळजापूरच्या गोंधळात संबळाच्या कडकडाटाशेजारी तुणतुणं ऐकू येतं, ते त्याची एकुलती एक तार नळकांड्याच्या तळाला मढवलेल्या चामड्यातच अडकवलेली असते म्हणून. तार हलली की चामडं हललंच. गिटारमध्ये चामड्याचं काम वरची पाटी करते आणि तार तिला घोडीमार्फत, म्हणजे ब्रिजमार्फत, हलवते. पाटी पातळ आणि हलकी असेल तर सहज हलते, पण मग तिला ताण सोसत नाही. जाड केली तर ताण सोसते, पण हलायला कुरकुरते. गिटारचा इतिहास बराचसा याच पेचातून घडला आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात गिटारला बारीक तारा असत त्या आतड्याच्या तातीच्या, आणि खर्जाच्या तारा रेशमावर धातूचा तलम धागा गुंडाळून केलेल्या. त्यांचा ताण कमी, त्यामुळे वाद्यही लहान आणि नाजूक. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने (१८१७ ते १८९२) तात तीच ठेवली आणि पेटी मोठी केली, पाटी पातळ केली, आतून पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. आजची क्लासिकल गिटार तिथूनच आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात लागू लागली आणि वादकांना ती मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा केल्या, स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. नायलॉनच्या पूर्ण सेटचा ताण पोलादी सेटच्या जेमतेम निम्मा. म्हणून नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. आवाज वाढेल म्हणून कुणी चढवल्या, तर घोडी उखडून हातात येण्याची भीती असते.

पोलादाचा रस्ता अमेरिकेतून आला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तिथे हवाईयन संगीताची लाट उसळली, आणि हवाईयन वादकाला लोखंडी कांडी सरकवायला पोलादी तारच हवी होती. शिवाय नाचाच्या बँडमध्ये बॅंजोसमोर तातीची गिटार ऐकूच येईना. सी. एफ. मार्टिन ही कंपनी १८३३ पासून गिटार बनवत होती, पण मुळात पोलादी तारांसाठीच घडवलेली गिटार तिने नेहमीच्या यादीत आणली ती १९२२ च्या सुमारास. पाटीखालचा इंग्रजी एक्सच्या आकाराचा आधार मार्टिनकडे तातीच्या जमान्यापासून होता, पोलादाचा ताण झेलायला तो आयताच कामी आला. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या लांब मानेत, फिरवता येणारा पोलादी दांडा घातला, कारण तारांनी नेक वाकू लागला होता. मग मोठ्या पेटीची ड्रेडनॉट आली. म्हणजे आधी तार ताणली गेली आणि तिच्या मागोमाग लाकूड धावलं.

या धावपळीत १९४४ चा प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. तोवर मार्टिन पाटीखालच्या पट्ट्या मधेमधे कोरून हलक्या करत असे, त्यामुळे पाटी मोकळी हलायची. वादक मात्र आवाजाच्या हव्यासापायी जाडच जाड तारा चढवू लागले आणि पाट्या फुगून वर येऊ लागल्या. कंपनीने पट्ट्या कोरणं बंद केलं. गिटारी मजबूत झाल्या, पण जुन्या गिटारींचा तो भरदार आवाज गेला, असं जाणकार म्हणू लागले. कोरीव पट्ट्या परत आल्या त्या १९७६ मध्ये, एचडी-२८ या मॉडेलसोबत. जाड तारांनी आवाज कमावायचा आणि त्या पेलण्यासाठी जाड केलेल्या लाकडाने तोच घालवायचा, असा हा तीस वर्षांचा हिशेब.

धातूच्या निवडीचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंध त्या मानाने कमी, रंगाशी जास्त. खर्जाच्या पोलादी तारांवर गुंडाळलेली, ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्ताची 'ब्राँझ' तार खरं तर पितळच. ती चढवली की आवाज लखलखीत निघतो. फॉस्फर ब्राँझ तारा बनवणाऱ्या डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये आणलं, ते अधिक ऊबदार आणि जरा जास्त टिकणारं. मोठा आवाज आणि चमकदार आवाज यांत कानाची गल्लत होते. दुकानात पितळी तार जोरात वाटते, घरी आणली की तेवढा फरक राहत नाही.

आपल्याकडे अकूस्टिक गिटारला स्वतःच्या जोरावर ऐकू जाण्याची वेळच फारशी आली नाही. टाउ मो या हवाईयन कलावंताने १९४० च्या दशकात कोलकात्यात मुक्काम केला, तिथून हवाईयन गिटार भारतभर पसरली. मराठवाड्यातल्या घरांनी ती रेडिओवरच्या सिनेगीतांच्या धुनांतून ऐकली, मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली, बहुधा विजेवर चालणारी. पुढे गणपती, जयंत्या आणि लग्नांतल्या ऑर्केस्ट्रांनी इलेक्ट्रिक गिटार आणली, तीही अँप्लिफायरसकट. मैफल असो की जागरण, माईक आधी आणि वाद्य नंतर. माईक असेल तर १० चा सेट पुरतो, म्हणूनच तो रूढ झाला असावा.

माईक नसेल तेव्हाच बाराचा प्रश्न उभा राहतो. जाड तार स्वतःहून ओरडत नाही. सारख्याच जोराने छेडलं तर बारीक तार जास्त हलते, जाड कमी, आणि घोडीवर बसणारा धक्का फारसा वेगळा नसतो. फरक पडतो तो जोर वाढवल्यावर. बारीक तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटून खरखरते, जाड तार तो जोर पचवून पाटीपर्यंत पोचवते. हलक्या हाताने बोटांनी वाजवणाऱ्याला १२ चा सेट टाकून बोटांचे फोडच मिळतील. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, घेऊन दणकून स्ट्रमिंग करणाऱ्याला फायदा लगेच कळतो. त्यातही पाटी प्लायवूडची असेल तर अपेक्षा बेताचीच ठेवावी. सेट बदलल्यावर नेकचा दांडा जरा आवळावा लागतो आणि नटमधल्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीतल्या, खाचा जाड तारेला पुरतात का ते पाहावं लागतं. जुन्या स्वस्त गिटारची घोडी पाटीपासून किंचित उचलली गेली असेल तर बाराच्या वाटेला जाऊच नये.

कित्येकदा दोष जाडीचा नसतोच. घामाने आणि धुळीने वेटोळ्यांमध्ये मळ बसलेली तार वरचे स्वरांश गिळते आणि गिटार दबल्यासारखी वाटते. अशा वेळी त्याच मापाचा नवा सेट १२ च्या सेटपेक्षा जास्त काम करतो. आणि सेट बदलायचा तर मराठवाड्यात महिना बघावा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पाटीचं लाकूड आकसतं, खाली बसतं, तारा फ्रेटला टेकू लागतात आणि जोरात वाजवलं की खरखर होते. पावसाळ्यात तीच पाटी ओल धरून फुगते, तारा उंच होतात. मे महिन्यात सेटिंग करून घेतलेली गिटार म्हणूनच ऑगस्टमध्ये पुन्हा दुकानात येते. उन्हाळाभर गिटार केसमध्ये बंद ठेवून आत ओलसर स्पंजची डबी ठेवली, तर यातला बराच त्रास वाचतो.