घाटाखालचा समुद्र आणि बेळगावकर

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत निघालं की तीनेक तासांत बेळगावचा माणूस उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर पोचतो. आश्वे, मांद्रे, हरमल या बाजूला सर्फिंग शिकायला जाणारी तरुण पोरं आता बेळगाव-खानापुरात सापडतात. लाटेवर उभं राहायची ही हौस नवी. घाट उतरायची सवय मात्र फार जुनी, आणि तिच्यात हौसेचा भाग थोडाच होता.

आमचा जुना समुद्र म्हणजे वेंगुर्ला. सतराव्या शतकात डचांनी तिथं वखार घातली, १८१२ मध्ये बंदर इंग्रजांकडे आलं. बेळगावच्या छावणीला लागणारं सामान तिथं उतरायचं आणि रामघाटानं वर चढायचं. पुढं आंबोलीच्या बाजूनं पारपोली घाटाचा गाडीरस्ता झाला आणि रामघाट मागं पडला. वरून कापूस खाली जायचा, खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. समुद्राची ओळख अशी बाजारातून झाली. ज्यांनी जन्मात लाट पाहिली नाही त्यांच्याही चुलीवर खारा बांगडा भाजला जायचा.

मग रेल्वे आली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत घाटातून लोहमार्ग निघाला आणि १८८० चं दशक सरता सरता तो लोंढ्याच्या बाजूनं आमच्या मुलखाला जोडला गेला. वेंगुर्ल्याचा व्यापार त्यानं ओढून नेला. त्याच करारानं गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा बसला, हे सहसा कुणी सांगत नाही.

देवदर्शन हे दुसरं निमित्त. मंगेशी, शांतादुर्गा, गोकर्ण. बायका नऊवारी खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या, पायावरून लाट गेली की हात जोडून मागं फिरायच्या. पोहायला म्हणून कोण जात होतं?

१९५५ मध्ये हाही रस्ता तुटला. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात बेळगाव हे कार्यकर्त्यांचं मोठं ठाणं होतं. त्या वर्षी नाकेबंदी झाली, रेल्वे थांबली. डिसेंबर १९६१ मध्ये लष्कराची जमवाजमव बेळगाव परिसरात झाली आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. त्यानंतर ‘गोव्याला जाऊन येऊया की’ हे वाक्य इथं सहज तोंडात आलं. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजुणेच्या बाजूला हिप्पी उतरले. किनाऱ्यावर नुसतं पडून राहायलाही माणसं लांबून येतात, हे आमच्या मंडळींनी तिथं पाहिलं आणि नाकं मुरडली. पुढं त्यांचीच नातवंडं तिथं जाऊ लागली.

सर्फिंगची नोंद घ्यावी अशी सुरुवात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, पण आमच्यापासून बरीच दक्षिणेला झाली. मंगळूरजवळच्या मुल्कीत जॅक हेबनर या अमेरिकन संन्याशानं २००४ मध्ये आश्रमासोबत सर्फ क्लब सुरू केला. भजन आणि लाटा एकाच ठिकाणी! २०१६ मध्ये मंगळूरजवळच ससिहित्लूला इंडियन ओपन स्पर्धा झाली. टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आल्यावर घरच्यांना पटवणंही जरा सोपं झालं असणार.

आपल्या किनाऱ्याच्या लाटा शिकाऊ माणसाला बऱ्या. दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठलेली लाट इथवर येते, पण किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर तिचा जोर बराच ओसरतो, आणि पडलंच तर खाली वाळू असते. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यातही सकाळ गाठावी. तेव्हा जमिनीवरून मतलई वारा सुटलेला असतो, लाट नीट उभी राहून फुटते. दुपारी खारा वारा लागला की पाण्याचा नुसता गोंधळ. पावसाळ्यात लाटा मोठ्या खऱ्या, पण समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. कोळी होडी काढत नाहीत तेव्हा आपण फळी घेऊन निघणं हा मूर्खपणा.

बेळगावच्या घराघरात या नादाला विरोध होतो त्यामागं एप्रिल २०१७ आहे. मालवणजवळ वायरीच्या समुद्रात इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले आठ जण बुडाले. धरणात, विहिरीत पोहणाऱ्याला समुद्राची ओढ, म्हणजे माणसाला आत खेचून नेणारा प्रवाह, कळत नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत. त्यांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, नुसता लाल झेंडा दिसला तर उतरायचंच नाही.

सर्फ शिकवणारेही पहिला धडा वाळूवरच देतात. फळीवर पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं, झटक्यात उठायचं. फळीची दोरी घोट्याला बांधली की मग कमरेएवढ्या पाण्यात, फेसाळ लाटेवर सराव. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजायचं नाही, फळी धरून किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि हात वर करून बोलवायचं.