पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे

‘अभ्यासक्रम बदलला म्हणजे काय, चार धडे काढले, चार नवे घातले.’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. पाठ्यपुस्तक हे अभ्यासक्रमाचं एक साधन आहे. ते बऱ्याच उशिरा, आराखडा ठरल्यावर लिहिलं जायला हवं.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये चार प्रश्न मांडले: मुलांनी काय साध्य करावं, त्यासाठी कोणते अनुभव द्यावेत, ते कोणत्या क्रमाने गुंफावेत, आणि साध्य झालं की नाही हे कसं ओळखावं? यात धड्यांची यादी कुठेच नाही.

खरा कस लागतो तो क्रम लावताना. १/२ अधिक १/३ या बेरजेचं उत्तर मूल २/५ लिहितं. वर वर बेरीज, खाली खाली बेरीज! म्हणजे उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं, हे त्याला खटकतच नाही. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अशी बेरीज करण्याआधी कागदाच्या घड्या घालून ३/६ आणि १/२ सारखेच आहेत हे त्याने पाहिलेलं असावं लागतं. ते कधी, किती वेळ आणि कोणत्या इयत्तेत, हे ठरवणं म्हणजे अभ्यासक्रम आखणं.

अभ्यासक्रमाच्या अभ्यासक हिल्डा टाबा यांनी तर १९६२ मध्ये सुचवलं, की सुरुवात शिक्षकांनी शिकवण्याचे छोटे घटक तयार करून, वर्गात वापरून पाहण्यापासून व्हावी. मला हे पटतं, कारण ते २/५ सर्वात आधी शिक्षकालाच दिसतं.